पाळी गेल्यापासून वरचा गंधार फाटतो आहे. काय करावं?

चिपळ्या

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात नारदीय कीर्तनं करते. वय ५१. पाळी जाऊन वर्ष उलटून गेलं. गरम वाफा, झोपमोड, चिडचिड याबद्दल सांगणाऱ्या बायका आजूबाजूला पुष्कळ होत्या, पण आवाजाबद्दल मला कधी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. म्हणून इथे विचारते आहे.

माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा 'सा'. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान भरात आलं की तार गंधार सहज लागायचा. आता तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, जेमतेम टिकते आणि गंधाराला आवाज फाटतो. फाटतो म्हणजे क्षणभर दोन सूर एकदम आल्यासारखे होतात, मग नुसती हवा. साकी हे पद्य म्हणताना तबलजी ठेका भरून सांभाळून घेतात. श्लोकाला मात्र तबला थांबलेला असतो, तिथे काही लपत नाही. सकाळी आवाज बसलेला असतो. कीर्तनाच्या दुसऱ्या तासात घसा कोरडा ठाक पडतो, सारखं खाकरावंसं वाटतं. आश्चर्य म्हणजे खालचे सूर पूर्वीपेक्षा भरदार लागतात. सर्दी नाही, घसा दुखत नाही, गिळायला त्रास नाही.

डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं, मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. फरक शून्य. दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी असते. बीपीची गोळी रोज चालू आहे. शिवाय हाडांच्या तपासणीत हाडं थोडी ठिसूळ निघाली, तर महिन्याला एक ताकदीचं इंजेक्शन घ्या असं एका ठिकाणी सुचवलं आहे. ते अजून घेतलेलं नाही.

हे खरंच पाळी जाण्यामुळे होतं का? हॉर्मोनच्या गोळ्यांनी आवाज परत येतो का? आणि पट्टी खाली घ्यावी का? आमचे बुवा म्हणतात, पट्टी उतरवली की कीर्तन उतरलं. त्यांच्या शब्दाला मी मान देते, पण नवरात्रात ओळीने नऊ दिवस उभं राहायचं आहे आणि मला आतापासूनच धास्ती वाटते.

कोमलनिषाद

ताई, मी डोंबिवलीत गाणं शिकवते, वय ६३. तुमचं वाचून गलबललं, कारण हे सगळं मी अनुभवलेलं आहे. औषधांचं जाणकार सांगतील, मी पट्टीबद्दल बोलते.

मी पण काळी चारवाली. पन्नाशीच्या आसपास पांढरी पाचवर आले, आणि आता काळी तीनला गाते. त्यात काहीही उतरत नाही. समोरच्याला पट्टी ऐकू येत नाही, सूर लागला की नाही ते ऐकू येतं. काळी चारला ताणून लावलेल्या चोरट्या गंधारापेक्षा काळी तीनचा मोकळा गंधार शंभर पटीने गोड. पेटीवाल्यांना एकदा सांगून टाका, ते दोन मिनिटांत जुळवून घेतात. तबल्याचं बघावं लागेल, कारण काळी चारचा तबला काळी तीनला उतरवला तर बोल ढिला येतो, वेगळा तबला लागतो. तानपुऱ्याचंही तेच. माझा मिरजेचा तानपुरा खाली आणल्यावर जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणकार) पुन्हा काढून घ्यावी लागली. तुमच्या तर ते घराजवळच आहे.

पदं निवडताना चाल बघा. काही पारंपरिक चाली सुरुवातच तार षड्जावर करतात, त्या शेवटच्या अर्ध्या तासात ठेवू नका. आणि खालचे सूर भरदार झालेत म्हणता ना, त्यांचा उपयोग करा. गंगूबाई हनगल यांचा आवाज तरुणपणी घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली गेला. कारण वेगळं, पण त्या खर्जाच्या आवाजावरच त्यांनी आपलं गाणं उभं केलं आणि नव्वदी पार करून त्या गेल्या तोवर त्यांना त्याच आवाजासाठी लोक ऐकत होते.

खडूफळा

मी गायिका नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४८, पाळी अनियमित झाली आहे. चौथ्या तासापर्यंत आवाज संपतो. फोनवर अनोळखी माणसं मला 'बोला सर' म्हणतात. मुलांना हाक मारली की घोगरा आवाज निघतो आणि ती हसतात. मला वाटायचं हे ओरडून ओरडून झालं असेल. न गाणाऱ्यांनाही हा त्रास होतो का?

उच्चार

चिपळ्याताई, खडूफळाताई, दोघींनाही एकत्रच लिहिते. मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तुमच्या वयाच्या बायका खूप असतात. शिक्षिका, भजनी मंडळातल्या, वकील, भाजीवाल्या. बहुतेकजणी येताना "वय झालं, त्याला काय करणार" असं म्हणतच येतात. हे वाक्य मला सहन होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, हे पाळी जाण्यामुळे होऊ शकतं, आणि ते मनाचे खेळ नाहीत. बाई बोलते तेव्हा स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या कडा सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकींना भेटतात. गंमत बघा, काळी चारचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झचा, म्हणजे तुमच्या बोलण्याचा सूर आणि तुमचा षड्ज शेजारी शेजारी. तार षड्ज ४१५. तुमचा तो फाटणारा गंधार सुमारे ५२०. सेकंदाला पाचशे वीस वेळा भेटायचं तर त्या कडा पातळ, लवचिक आणि ओल्या हव्यात. कोरडे तळहात एकमेकांवर घासून बघा आणि मग तेल लावून घासा, तेवढा फरक पडतो. इस्ट्रोजेन कमी झालं की स्वरतंतूंवरचा ओलावा सांभाळणाऱ्या ग्रंथी कमी पाझरतात, जो कफ राहतो तो चिकट होतो, वरचं आवरण पातळ होतं, आतल्या स्नायूचा भरही कमी होतो. त्याच वेळी बीजकोश आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरुषी हॉर्मोन थोडंफार बनवतच असतात, त्यामुळे पारडं त्या बाजूला झुकतं आणि स्वरतंतू जरासे जडावतात. म्हणून वरचे सूर जातात आणि खालचे भरतात. बोलण्याचा सूर साधारण दहा-पंधरा हर्ट्झने खाली येतो, म्हणजे पेटीवरची जवळपास एक पट्टी. खडूफळाताई, 'बोला सर' त्यामुळेच. हे कमीअधिक प्रमाणात बऱ्याच बायकांत होतं, पण ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांना आधी जाणवतं. चरबीच्या पेशी त्या पुरुषी हॉर्मोनचं थोडं इस्ट्रोजेन करतात, त्यामुळे कृश बायकांना त्रास जास्त होताना दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाळी गेली हे खरं असलं तरी आवाज त्यामुळेच बसला असं बघितल्याशिवाय म्हणू नये. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांच्या वर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्यायचंच. शक्य असेल तिथे स्ट्रोबोस्कोपी मागा. त्यात लुकलुकत्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची थरथर डोळ्यांना सावकाश दिसते आणि कडा नीट मिटतात की मध्ये फट राहते ते कळतं. गाठ, पॉलिप, एका बाजूच्या स्वरतंतूची हालचाल थांबणं, हे सगळं असंच 'घसा बसलाय' म्हणून महिनोन्‌महिने घरी काढलं जातं. मिश्री लावत असाल किंवा तंबाखू खात असाल तर एक दिवसही थांबू नका. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड कमी असलं तरी आवाज जड होतो, आणि ते याच वयात याच बायकांमध्ये सापडतं.

चिपळ्याताई, ते ताकदीचं इंजेक्शन. ते घेण्याआधी त्याचं नाव लिहून मागा. नॅन्ड्रोलोन असेल तर नको म्हणा. ते पुरुषी हॉर्मोनच्या जातीचं औषध आहे. त्याने बाईचा आवाज जाड होतो आणि औषध थांबवलं तरी तो परत येईलच असं नाही. पाळी जाण्याने खाली गेलेल्या आवाजावर आपण काम करू शकतो, पण या औषधांनी बदललेल्या आवाजापुढे माझे हात टेकतात. डॅनाझॉलचं तेच, कामेच्छा वाढावी म्हणून दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या जेलचंही तेच. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड असे रस्ते आहेत ज्यांचा आवाजाशी संबंध नाही. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा, "मी कीर्तनकार आहे, माझं काम आवाजावर चालतं." त्याने औषधाची निवड बदलते.

ज्येष्ठमधाबद्दल. तोंडाला आणि घशाला बरं वाटतं, पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, त्यांना चुकवून अन्ननलिकेत जाते. आणि दिवसभर काडी चघळली तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. तुम्हाला बीपी आहे, तेव्हा ती काडी आजच बंद. बीपीची गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घराण्यातली आहे का तेही बघा. त्यांनी काहीजणींना कोरडा खोकला लागतो आणि प्रत्येक ढासेला स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना बदलून मागायची. सर्दीसाठी येताजाता सेट्रिझिन घ्यायची सवय असेल तर तीही सोडा, ती गोळी सुकवते.

खाकरणं बंद. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि जोर लावून गिळायचं. वाफ घ्या, पण साधी. बाम किंवा मेन्थॉल घातलं की थंड वाटतं आणि आत कोरडं पडतं. पाणी कीर्तनाच्या वेळी प्यायलेलं कामाला येत नाही, सकाळपासून पोटात गेलेलं येतं.

व्यायामात एकच नीट सांगते, कारण तोच सगळ्यांना जमतो. अर्धा पेला पाणी, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची. ओठ स्ट्रॉभोवती घट्ट, गाल सैल. आधी नुसती फुंकर, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मग त्याच फुंकरीत 'ऊ' असा आवाज सोडायचा, आपल्या बोलण्याच्या सुरावर. बुडबुडे थांबले म्हणजे आवाज दाबला जातोय. नीट जमलं की त्याच 'ऊ'वर खालून वर आणि वरून खाली मींड घ्यायची, म्हणजे आवाज न तोडता सुरावरून सुरावर घसरत जायचं, जोर न वाढवता. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. स्ट्रॉमुळे पुढून थोडा दाब परत येतो, तो स्वरतंतूंना हलकेच दूर धरतो आणि कमी मारात जास्त कंप मिळतो. कीर्तनाआधी हे केलंत तर पहिला श्लोकच वेगळा लागेल. यासोबत 'म्म' करून नाकाच्या दांड्यावर आणि ओठांवर झिणझिण्या शोधायच्या. ओंकार करता तर करा, पण गळा आवळून नको.

कीर्तनातलं थोडं. मला या प्रकाराचं प्रेम आहे म्हणून लिहिते. साउंडवाल्याला सांगून एक स्पीकर स्वतःकडे वळवून घ्या. झांज-तबल्यात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप ओरडतो. पूर्वरंग संपल्यावर हार घालतात, बुक्का लावतात, तेव्हा नामगजर सभेला करू द्या आणि तुम्ही पूर्ण गप्प राहा, त्या चार मिनिटांत घशाला केवढी विश्रांती मिळते. बुक्का कपाळाला लावा, तोंडासमोर झटकू देऊ नका. शेवटचा जयजयकार श्रोत्यांचा. हिरण्यकशिपूचे संवाद गुरगुरत म्हणत असाल तर आता गरज नाही, तुमच्या खालच्या आवाजात ते आपोआप वजनदार होतील.

खडूफळाताई, कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माइक घ्या. वर्गातला आवाज वाचवणारं याहून साधं साधन मी पाहिलेलं नाही. आणि तुम्हीही दुर्बीण चुकवू नका.

थेरपिस्ट बघताना आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी आहे का विचारा. मुंबईकडच्यांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, इथे कमी खर्चात होतं.

गोदाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक. हॉर्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न राहिला आहे, तेवढं लिहिते.

निव्वळ आवाजासाठी आम्ही हॉर्मोन सुरू करत नाही. काही अभ्यासांत हॉर्मोन घेणाऱ्या बायकांचा सूर कमी उतरलेला दिसला, काहींत फरक दिसला नाही. पण तुम्हाला वाफा आणि झोपमोड असेल, तर त्यासाठी हॉर्मोन हे सगळ्यात परिणामकारक औषध आहे, आणि घशाच्या कोरडेपणालाही त्याचा फायदा झाला तर चांगलंच. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर निरोगी बाईत फायद्याचं पारडं सहसा जड असतं. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर नाही. आधी मॅमोग्राफी आणि बीपी आटोक्यात.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. इथे आवाजवाल्यांनी लक्ष द्यायचं. नॉरएथिस्टेरॉनमध्ये थोडा पुरुषी गुण असतो, मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉनमध्ये तो जवळपास नसतो. टिबोलोनमध्येही तो गुण आहे, म्हणून गायिकांना मी ती गोळी देत नाही. इस्ट्रोजेन जेलमधून घेतलं तर गोळीपेक्षा गुठळीचा धोका कमी. नॅन्ड्रोलोनबद्दल वर लिहिलं आहे त्याच्याशी पूर्ण सहमत.

चिपळ्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेला जाऊन दुर्बीण करून आले. नाकातून बारीक नळी घातली, समोरच्या पडद्यावर स्वतःचे स्वरतंतू पाहिले. डॉक्टरांनी 'ई' म्हणायला लावलं आणि बोट ठेवून दाखवलं, कडा मिटताना मधोमध बारीक फट राहते आणि कफाचा एक चिकट धागा या कडेवरून त्या कडेवर ताणला जातो. गाठ नाही, बाकी काही नाही. टीएसएच ठीक. त्यांनीही थेरपीच सांगितली. फट वाढली तर स्वरतंतूत भरण घालायचं इंजेक्शन असतं म्हणाले, पण आत्ता त्याची गरज नाही.

सुचवलेल्या त्या ताकदीच्या इंजेक्शनचं नाव विचारलं. नॅन्ड्रोलोनच निघालं. नाही म्हणून सांगितलं आणि हाडांसाठी दुसरीकडे दाखवलं. ज्येष्ठमध बंद. बीपीची गोळी बदलून मिळाली.

स्ट्रॉचा व्यायाम सुरू केला आहे. गंधार अजून फाटतो, पण सकाळचा आवाज लवकर सुटतो आणि खाकरणं निम्म्याने कमी झालं. बुवांना सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पांढरी पाचला एक पद म्हणून दाखव. म्हटलं. ऐकून म्हणाले, नवरात्रात हीच ठेव.

एकच विचारायचं. कागदाची स्ट्रॉ भिजून मऊ पडते. धातूची चालेल का? आणि कीर्तनाच्या आधी किती वेळ करू?

उच्चार

वा, फार बरं वाटलं वाचून. स्टीलची चालेल, शहाळ्याला मिळते तेवढ्या जाडीची घ्या, रोज ब्रशने आतून धुवा. अगदी बारीक नळीला जोर लागतो, सुरुवातीला ती नको. उभं राहायच्या आधी पाच मिनिटं पुरे, आणि कीर्तन संपल्यावर पुन्हा दोन मिनिटं वरून खाली मींड घेत करा. ते संपल्यावरचं बहुतेकजणी विसरतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आवाज त्यावर ठरतो. नऊ दिवसांत मधल्या वेळी फोनवर बोलणं कमी ठेवा, आणि कुजबुजणं तर अजिबात नको, त्याने जास्त ताण पडतो. महिन्याभराने पुन्हा दुर्बीण करून ती फट किती मिटली ते इथे नक्की कळवा.